‘उमा’: घोडीच्या अंगातलं वर्ष

काजिरो यामामोतो यांच्या १९४१ सालच्या ‘उमा’ या चित्रपटाची पहिली गंमत नावातच आहे. जपानीत ‘उमा’ म्हणजे घोडा, आणि ‘उमु’ म्हणजे जन्म देणं. आपल्या कानाला मात्र पार्वतीच ऐकू येते. या तिन्हींत व्युत्पत्तीचा धागा शोधायला जाऊ नका, तसा तो नाहीये. पण दोन तासांहून जास्त वेळ एका गाभण घोडीकडे आणि तिच्या शिंगराकडे बघायचं असेल, तर हे नाव कानात घेऊन बसायला हरकत नाही.

गोष्ट साधी आहे. जपानच्या ईशान्येचा तोहोकू प्रदेश, तिथलं एक गरीब शेतकरी कुटुंब. थोरली मुलगी इने, म्हणजे हिदेको ताकामिने, तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची. तिला घोड्यांचं वेड. आईला मात्र घोडा म्हणजे खाणारं आणखी एक तोंड. हे लोक एक गाभण घोडी सांभाळायला घेतात. हिवाळ्यात ती आजारी पडते, वसंतात व्यायते. कर्जापायी शिंगरू विकावं लागतं, मुलगी सूतगिरणीत कामाला जाते, शिंगरू परत येतं, वाढतं, आणि शेवटी बाजारात सैन्य ते विकत घेतं.

या चित्रपटावर जे काही लिहिलं जातं ते साधारण दोन वाटांनी जातं. एक वाट अकिरा कुरोसावाची. तो इथे साहाय्यक दिग्दर्शक होता, बाहेरगावचं बरंचसं चित्रण त्याच्यावर सोपवलेलं होतं, आणि दोनच वर्षांनी त्याचा स्वतःचा पहिला चित्रपट आला. त्यामुळे लोक ‘उमा’मध्ये कुरोसावा शोधतात: हा पाऊस त्याचा, ही धाव त्याची. दुसरी वाट युद्धाची. सैन्याचा पाठिंबा, घोडा हे ‘जिवंत शस्त्र’ ही त्या काळची सरकारी भाषा, आणि शेवटची विक्री. मग वाद सुरू होतो की हा प्रचारपट आहे, की प्रचाराच्या पांघरुणाखाली दडवलेला मानवी चित्रपट. दोन्ही वाटांवर चांगलं लिखाण झालंय. पण दोन्हीकडे घोडी स्वतः कुठे दिसत नाही. मला वाटतं, या चित्रपटाचा सांगाडा तिच्या शरीराने दिलाय, आणि प्रचाराचं काय ते नीट समजून घ्यायचं तर आधी तिकडे बघावं लागतं.

पॉडकास्टमध्ये आपण शरीरातल्या घड्याळांबद्दल बोललो होतो, तेव्हा वेळेअभावी घोडी राहून गेली. म्हणून इथे थोडं सविस्तर.

घोड्याचं रक्त दिवसभर सारखं नसतं. कॉर्टिसॉल सकाळी चढलेलं असतं, संध्याकाळी उतरतं. न्यूझीलंडच्या अर्विन आणि अलेक्झांडर यांनी १९९४ मध्ये दाखवलं की ही लय ओळखीच्या जागी, निवांत असलेल्या घोड्यात स्पष्ट दिसते. त्याला अनोळखी ठिकाणी नेलं की ती पुसट होते. अंगाचं तापमान याच्या उलट, संध्याकाळी किंचित जास्त. इटलीतल्या मेस्सिना विद्यापीठात तर घोड्यांच्या अशा दैनिक लयींवर वर्षानुवर्षं काम चाललंय. त्यावर ऋतूची मोठी लय असते. आणि घोडी गाभण असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर या दोन्हींवर तिसरी लय चढते, अकरा महिन्यांची. एकच सकाळी काढलेला रक्ताचा नमुना यातलं काही सांगत नाही. मी स्वतः प्रयोगशाळेत असलेच नमुने मोजते, तेव्हा ही तक्रार घरचीच समजा. एक नमुना म्हणजे एक फोटो. लय बघायची तर पुन्हा पुन्हा, त्याच प्राण्याकडे, महिनोन्‌महिने बघत राहावं लागतं.

यामामोतोंनी नेमकं तेच केलं. चार ऋतूंसाठी चार वेगळे छायालेखक घेतले आणि ऋतू येण्याची वाट बघितली. स्टुडिओत खोटा बर्फ पाडता येतो, पण घोड्याच्या अंगावर हिवाळी केस आणता येत नाहीत. ते आणायला दिवस लहान व्हावे लागतात. डोळ्यांत शिरणारा उजेड कमी झाला की रात्रीचं मेलॅटोनिन जास्त वेळ वाहतं, प्रोलॅक्टिन खाली राहतं, अंगावर दाट लोकर चढते. वसंतात दिवस मोठा झाला की उलटं: प्रोलॅक्टिन वर, आणि जुने केस पुंजक्यांनी गळायला लागतात. हेच प्रोलॅक्टिन व्यायच्या सुमाराला कासेत दूध आणण्याच्या कामातही असतं. म्हणजे वसंतात घोडीची कात टाकणं आणि तिला पान्हा फुटणं यांत एकाच संप्रेरकाचा हात आहे. चित्रपट हे कुठे समजावत नाही. पण वर्षभर खऱ्या ऋतूत, खऱ्या जनावरांबरोबर काम केल्यामुळे ते त्यात आपोआप आलंय. आवाज बंद करून नुसती घोड्यांची अंगं बघितलीत तरी कुठला महिना चालू आहे याचा अंदाज येतो.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला उजेडाचा हा हिशोब पटकन जाणवत नाही. मुंबईत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात साधारण सव्वादोन तासांचा फरक. तोहोकूतल्या मोरिओकाला तो पावणेसहा तासांच्या आसपास जातो. आपल्याकडे ऋतू पावसाने ओळखतात. तिथे जनावराचं अंग तो उजेडाने ओळखतं. तुमच्यापैकी जे एडिनबरा किंवा टोरांटोच्या डिसेंबरात चार-साडेचारला अंधार होताना बघतात, त्यांना हे जास्त सांगायला नको.

चित्रपटातला सगळ्यांच्या लक्षात राहणारा प्रसंग हिवाळ्यातला. गाभण घोडी आजारी पडते आणि औषध सांगितलं जातं: हिरवं गवत. सगळीकडे बर्फ. इने बर्फ तुडवत गरम पाण्याच्या झऱ्यापाशी जाते, कारण तिथल्या उबेने गवत जिवंत असतं, आणि ते घेऊन येते. समीक्षक याला परीकथा म्हणतात, भक्तीची परीक्षा म्हणतात. मला तो चित्रपटातला सगळ्यात व्यवहारी प्रसंग वाटतो.

म्हणजे बघा. वसंतात व्यायची असलेली घोडी आदल्या वसंतात किंवा उन्हाळ्याच्या तोंडाला फळलेली असते. पोटातल्या गर्भाची सगळ्यात जास्त वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते, आणि ते तीन महिने येतात नेमके ऐन बर्फात, वैरण संपत आलेली असताना. या काळात घोडीचं शरीर इन्शुलिनला पूर्वीइतकं दाद देत नाही. साखर तिच्या स्वतःच्या स्नायूंऐवजी गर्भाकडे वळते. खाणं पुरेनासं झालं की ती अंगावरची चरबी जाळायला काढते. थोडी जाळली तर ठीक. पण आजारामुळे किंवा उपासमारीमुळे तिने खाणंच टाकलं, तर चरबी रक्तात इतकी उतरते की नमुना नळीत घेतला की वरचा द्रव दुधाळ दिसतो. लहान चणीच्या घोड्यांत आणि गाढवांत, त्यातही गाभण आणि दूध देणाऱ्या माद्यांत, हा आजार जीव घेतो. तेव्हा पशुवैद्य पहिली धडपड करतो ती तिने काहीतरी तोंडात घ्यावं याची. आणि खाणं टाकलेल्या घोड्याला मोहात पाडायचं तर ताज्या गवतासारखं दुसरं काही नाही.

गवताला आणखी एक बाजू आहे. हिरव्या चाऱ्यात कॅरोटीन भरपूर असतं, वाळलेल्या गवतात ते महिन्यागणिक घटत जातं, त्यामुळे चरणाऱ्या घोड्यांच्या रक्तात कॅरोटीन उन्हाळ्यात चढतं आणि हिवाळ्यात खाली येतं. मात्र यकृतात जीवनसत्त्व ‘अ’चा काही महिन्यांचा साठा असतो, तेव्हा एका भाऱ्याने तो प्रश्न ना निर्माण होतो ना सुटतो. पडद्यावरच्या घोडीचं निदान करत बसणं हास्यास्पदच होईल. माझा मुद्दा एवढाच की ‘हिरवं गवत आण’ हा सल्ला कुणा कवीला नव्हे, जनावर सांभाळणाऱ्याला सुचणारा आहे. इनेने बर्फातून आणला तो ऋतूच, मूठभर, चुकीच्या महिन्यात.

वीणही तशीच. घोड्या बहुतेक रात्री व्यातात. संध्याकाळ ते पहाट या वेळात दहातल्या आठ तरी. आजच्या होक्काइदोमध्ये, जिथे जपानचे शर्यतीचे बहुतांश घोडे जन्मतात, ती रात्र कोणती हे ओळखायच्या रीती आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजतात. एरवी संध्याकाळी चढणारा पारा एखाद्या दिवशी चढलाच नाही तर जागरणाची तयारी करतात. कासेतून थेंबभर द्रव काढून त्याचा पीएच बघतात. हिदाका भागात जपान रेसिंग असोसिएशनच्या संशोधकांनी हे नीट तपासून मांडलं: वीण जवळ येते तसा पीएच उतरत जातो, आणि तो ६.४ च्या वरच असेल तर बहुधा आजची रात्र झोपायला हरकत नाही. ‘उमा’तल्या कुटुंबाकडे पीएचचा कागद नाही. पण घोडी घराच्याच छपराखाली आहे. तोहोकूच्या इवाते भागात ‘मागारिया’ म्हणतात ती घरं काटकोनात वळलेली असतात. एका पाखीत माणसं, दुसऱ्या पाखीत घोडे. पलीकडचा फुरफुराट चुलीपाशी ऐकू येतो. आपल्याकडे गोठा घराला लागून असण्याचं कारण तेच.

शिंगरू जन्मतं ते जवळजवळ प्रतिपिंडांशिवाय. शेवटच्या आठवड्यांत आईच्या रक्तातली प्रतिपिंडं कासेत उतरून चिकात साठतात, आणि पहिल्या दिवसभरात ती पोटात गेली तरच पिल्लाच्या रक्तात पोचतात. त्यानंतर दूध. पाचशे किलोची घोडी दिवसाला बारा-पंधरा किलो दूध सहज देते, पण तिची कास गायीच्या मानाने अगदी लहान. साठवायला जागाच नाही. म्हणून कोवळं शिंगरू तासातून कितीतरी वेळा येऊन लुचतं.

हे सगळं माहीत असलं की चित्रपटाच्या मध्यावरचा प्रसंग वेगळा दिसतो, आणि इथे माझं यामामोतोंशी भांडण आहे.

शिंगरू विकलं जातं. आई सैरभैर होऊन त्याला शोधत धावते. या प्रसंगाचं संकलन कुरोसावाकडे होतं, आणि त्याने आत्मचरित्रात त्याची हकिकत सांगितली आहे. त्याने आधी पुष्कळ तुकडे जोडून प्रसंग भराभर कापला, ताण चढवत नेला. तरी काही केल्या तो उठेना. यामामोतोंनी पाहिलं आणि सुचवलं की ही जागा नाट्याची नाही, ‘मोनो नो आवारे’ची आहे. मोनो नो आवारे म्हणजे जे सरून जाणार आहे त्याबद्दल दाटून येणारी हळवी जाण. जपानी काव्यविचारातली जुनी, आदराची कल्पना. कुरोसावाला एकदम उमगलं. त्याने जवळची दृश्यं काढून टाकली आणि फक्त दूरची ठेवली: चंद्रप्रकाशात धावणारी घोडीची लहानशी आकृती. गुरूने शिष्याला शिकवलेला धडा म्हणून ही हकिकत चित्रपटाच्या वर्गांत सांगतात.

प्रसंग सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण त्या अंतरावरून काय दिसेनासं झालं तेही बघायला हवं. पाजणाऱ्या घोडीपासून शिंगरू एकाएकी तोडलं की तिची कास काही तासांत तटतटते. दूध उतरणीला लागलेलं असलं तरी एक-दोन दिवस ती दुखरी, गरम राहते, मग हळूहळू आटते. ती खिंकाळते, कुंपणाच्या कडेने येरझाऱ्या घालते, खात नाही. तिचं धावणं दुःख आहेच, पण ते दुःख सडांमध्ये आहे, आणि त्याला एक घड्याळ आहे. दूरच्या चौकटीत ही घोडी निसर्गदृश्य होते. डोंगर, चंद्र, आणि त्यात एक धावता ठिपका. आपण हळहळतो, पण ते जे काही घडतंय ते धुक्यासारखं, कुणी न केल्यासारखं घडतं. प्रत्यक्षात कुणीतरी पैसे मोजलेले असतात. जे सरून जाणार होतं ते आपोआप सरलेलं नाही, विकलं गेलंय.

कुरोसावाचं फसलेलं पहिलं संकलन आपल्याला कधी बघायला मिळणार नाही. नाट्य म्हणून ते वाईटच असेल, त्याचं म्हणणं मानू. पण त्यात जवळची दृश्यं होती. गवताच्या प्रसंगात आणि विणीच्या रात्री कॅमेरा घोडीच्या अंगाला चिकटून होता. नेमका इथे तो मागे सरतो. प्रचाराचं कोडं मला इथे सापडतं, शेवटच्या बाजारात नव्हे. शेवटी शिंगरू सैन्याकडे जातं तेव्हा प्रेक्षक रडतो पण चिडत नाही, कारण वियोगाकडे अंतरावरून, ऋतू बदलल्यासारखं बघायची सवय त्याला आधीच लावून झालेली असते. त्या वर्षांत जपानी सैन्याने नेलेले घोडे जवळपास कुणीच परत आले नाहीत. चित्रपट खोटं बोलतो म्हणून प्रचार ठरतो, असं मला वाटत नाही. घोडीचं वर्ष तो इतकं खरं दाखवतो की त्या खरेपणाच्या जोरावर शेवटची विक्रीही नैसर्गिक वाटून जाते. हे कौतुक आहे की आरोप, माझं मलाही दर वेळी वेगळं वाटतं.

घोडीचं वर्ष आणि कागदावरचं वर्ष यांची ओढाताण अजून संपलेली नाही, फक्त शस्त्रं बदललीत. शर्यतीच्या जगात उत्तर गोलार्धातल्या प्रत्येक थरोब्रेडचा वाढदिवस १ जानेवारी धरतात. जपानमध्ये तर २००० सालापर्यंत शिंगरू जन्मतःच एक वर्षाचं मोजत; २००१ पासून पद्धत बदलली, तारीख तीच राहिली. मेमध्ये जन्मलेलं शिंगरू फेब्रुवारीतल्या शिंगराशी ‘समवयस्क’ म्हणून धावणार, तेव्हा पैसा फेब्रुवारीच्या बाजूने. पण घोडीचं अंग फेब्रुवारीत झोपलेलं असतं. तिचा माज दिवस मोठे झाल्यावर सुरू होतो. म्हणून हिदाकाच्या तबेल्यांत हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमारापासून दिवे लावतात: साडेचौदा तास उजेड, साडेनऊ तास अंधार. बाहेर उणे दहा, आत उजेडापुरता मे महिना. उजेड किती हवा याचा जुना अडाखा असा, की ठाणाच्या कुठल्याही कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. (मागारियातल्या चुलीच्या उजेडाने हे साधलं नसतं, इनेची घोडी ऋतूच्याच ताब्यात होती.)

हे दिवे रिकाम्या घोड्यांपुरते नाहीत. गाभण घोडीला शेवटच्या महिन्यांत असा उजेड दिला तर गर्भकाळ सरासरी आठवडा-दहा दिवसांनी कमी होतो. व्याल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात घोडीला पुन्हा माज येतो. ऐन थंडीत व्यालेली, उजेड न मिळालेली घोडी त्या पहिल्या माजानंतर अंगावर पाजत असताना कधी कधी पुन्हा गप्प होते, आठवडेच्या आठवडे. दिवा लावला की हे गप्प होणं बरंच टळतं, आणि पाजता पाजताच तिच्या पोटात पुढचं शिंगरू राहतं. अकरा महिने गाभण, वर्षाला एक शिंगरू: हिशोबात मोकळा राहतो तो एकच महिना.

क्रूरता शोधायला मी निघालेली नाही. या घोड्यांची जेवढी निगा राखली जाते तेवढी १९४१ च्या तोहोकूत माणसांचीही राखली जात नव्हती. इने शिंगरासाठी सूतगिरणीत गेली हे विसरू नका, तिचीही पाळी घड्याळावरच चालत असणार. पण त्या दिव्याकडे बघताना ‘उमा’चा हिवाळा आठवतो. तिथे कुटुंबाला घोडीच्या वेळेची वाट बघावी लागते, आणि चित्रपटालाही.

बघणार असाल तर एक करा. शिंगरू विकलं जाईपर्यंत मुलीकडे कमी आणि घोडीच्या पोटाकडे, केसांकडे जास्त बघा. मग ती चंद्रप्रकाशातली धाव येईल. तेव्हा पडद्याच्या जवळ सरकून बघावंसं वाटेल. पण त्या चौकटीत ती लहानच राहते, आणि पुढच्या दृश्यांत कॅमेरा शिंगरामागे निघून गेलेला असतो.